पांढऱ्या मोज्यांचं वासरू

एका जंगलात, पोरांनो, झाडं होती, जनावरं होती, ओढे होते, आणि हे सगळं बघायला कुणालाच वेळ नव्हता. सगळे फोटो काढत होते.

ते जंगल एका राजाचं होतं. राजा म्हटल्यावर लगेच लढाया, घोडे, तलवारी असलं काही मनात आणू नका. ह्या राजाची घोड्यावर बसलं की कंबर धरायची. मग दिवसभर करायचं काय? कुणीतरी त्याला कॅमेरा आणून दिला. तोफेसारखी नळी लावलेला. राजानं पहिल्या दिवशी एका बुलबुलाचा फोटो काढला. बुलबुल उडून गेला, नुसती फांदी आली. दरबार म्हणाला, "वा महाराज! काय फांदी आहे!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळं राज्य जंगलात.

सराफ पेढी टाकून गेला. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी ठेवून गेला. मास्तरानं शाळाच रानात नेली. पोरं शिकली काही नाहीत, पण त्यांनी सुरवंट एक सोडला नाही.

आणि बोलायचे कसे माहीत आहे? "आज प्रकाश नाही." अरे, सूर्य टाळूवर तळपतोय, आणि ह्यांना प्रकाश नाही! "आज काही मिळालं नाही." जंगल म्हणजे काय भाजीबाजार आहे मिळायला? मोर समोर नाचतोय, तर म्हणायचे, पाठमोरा आहे, नको. मोरानं आता ह्यांना विचारून नाचायचं.

दात काढू नका. पुढं ऐका.

राजानं दवंडी पिटवली. दसऱ्याला राज्यातला सगळ्यात चांगला फोटो दरबारात टांगणार. काढणाऱ्याला 'वनभूषण' म्हणणार आणि पालखीतून मिरवणार. अट एकच. फोटोत माणूस दिसता कामा नये. माणसाची वस्तू नको, पाऊल नको, सावली नको. माणूस दिसला की निसर्ग बाटला. मग फोटो बाद, आणि आणणारा तुरुंगात.

बरं, माणूसच नाही तर फोटो काढला कुणी, माकडानं? पण राजाला विचारणार कोण? ज्यांना विचारायची अक्कल होती, ते झाडावर बसले होते कॅमेरा घेऊन.

त्या जंगलात गवळ्यांची वाडी होती. पिढ्यान् पिढ्या तिथंच राहणारे लोक. त्यांच्या म्हशी दिसल्या की हे ओरडायचे, "म्हशी हाका तिकडं, निसर्ग घ्यायचाय!" एकदा एक म्हातारी गवळण डोईवर दुधाची घागर घेऊन निघाली, तर ह्यांनी तिला झुडपामागं बसवलं.

"आजी, जरा आड व्हा. रान घेतोय."

बसली बिचारी. ढग आला, ढग गेला, ह्यांचं रान घेऊन होईना. ऊन वर आलं. दूध नासलं. म्हातारी उठली आणि म्हणाली, "मेल्यांनो, तुमच्या आज्याच्या आधीपासनं आमी हितं हाय. मी रान न्हाई तर कोन हाय?"

"ते खरं आहे आजी," ते म्हणाले, "पण तुमचा हात येतोय."

तर असलं ते राज्य. त्यात एक किराणा दुकानदार होता. नाव कुशाबा. माणूस वाईट नव्हता. डाळीत खडे घालायचा, पण बारीक घालायचा. त्याचं दुःख एवढंच होतं की त्याला कुणी ओळखत नव्हतं. रोज शंभर लोक दुकानात यायचे आणि "ओ, गूळ द्या" म्हणायचे. 'कुशाबा, गूळ दे' असं कुणी म्हणत नव्हतं. घरी बायको, सरूबाई, तीही "अहो" म्हणायची. आपलं नाव कुणीतरी चारचौघांत मोठ्यानं घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढ्याशा हौसेपायी माणसं काय काय करतात ते बघा आता.

कुशाबा 'निसर्गछाया मंडळा'त गेला. मंडळाचे म्होरके अच्युतराव. त्यांची लेन्स सगळ्यांत लांब होती, म्हणून ते म्होरके. दुसरं काही कारण नव्हतं.

मंडळाच्या रीती ऐकण्यासारख्या होत्या. एखादं दुर्मीळ फूल सापडलं की कुठं सापडलं ते सख्ख्या भावाला सांगायचं नाही. फोटो झाला की ते फूल बोटानं चिरडून टाकायचं. का? दुसऱ्याला मिळू नये म्हणून. ह्याला ते निसर्गावरचं प्रेम म्हणायचे.

आणि वेश! माणसाची खूण नको ना, म्हणून अंगावर काळी घोंगडी घ्यायची. वास येऊ नये म्हणून तिला म्हशीचं शेण फासायचं. डोक्याला दोन्ही बाजूंनी डहाळ्या बांधायच्या. पायांत जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. असा एकेक जण घरातून निघाला की कुत्री भुंकायचीसुद्धा नाहीत. त्यांना लाज वाटायची.

सरूबाई दारात उभी राहून म्हणायची, "अहो, निदान मागच्या दारानं जा. स्थळं बघतोय आपण पोरीला."

"निसर्गात माणूस दिसून चालत नाही," कुशाबा म्हणायचा.

"घरात तरी कुठं दिसतोय?"

भादव्याचा महिना होता. डोंगरमाथ्यावर उघडं कातळाचं मैदान होतं, त्याला सडा म्हणतात. त्या सड्यावर गवत वीतभर आलं होतं, फुलं आली होती, धुकं येत-जात होतं. कुशाबा पोटावर आडवा पडला होता. त्याच्या नाकासमोर एक रोपटं होतं, नखाएवढं. त्याला लाल केस, केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि थेंबाला चिकटलेली एक माशी. दवबिंदू म्हणतात त्याला. माशी खातं ते. कुशाबाचे डोळे भरून आले. ह्याच फोटोनं आपलं नाव होणार, असं त्याला वाटलं.

समोरच्या उंच खडकावर अच्युतराव मंडळासह बसले होते.

"कुशाबा!" अच्युतराव तिथून दबक्या आवाजात ओरडले. "सरक!"

कुशाबाला वाटलं, ह्यांना रोपट्याचा सुगावा लागला. मंडळात कुणी सरक म्हटलं तर त्याचा अर्थ एकच असायचा, तू ऊठ आणि मला पडू दे. त्यानं रोपट्याला दोन्ही कोपरांत घेतलं.

"नाही सरकत!"

"अरे, डावीकडं सरक! हातभर!"

"मी आधी आलोय! जीव गेला तरी सरकणार नाही!"

खडकावरून वेगळंच दिसत होतं. धुक्यातून एक गवा बाहेर आला होता. एकटा. काळाकभिन्न. आपली म्हैस त्याच्याशेजारी शेळी दिसेल. खांद्यावर डोंगर, कपाळावर राख फासल्यासारखा पांढरा पट्टा, आणि चारी पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे. मागून ऊन आलेलं. असा फोटो सात जन्मांत मिळत नाही. आणि त्याच्या बरोबर पुढ्यात, चौकटीच्या मधोमध, कुशाबाचा पार्श्वभाग.

आता तुम्ही म्हणाल, 'मागं गवा आहे' असं सरळ का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर कुशाबा किंचाळला असता. कुशाबा किंचाळला असता तर गवा पळाला असता. गवा पळाला असता तर फोटो गेला असता. म्हणून अच्युतराव नुसतंच 'सरक' म्हणाले. म्होरका असा विचारी लागतो.

कुशाबाच्या मानेवर गरम वाफ आली.

"अच्युतराव," तो मागं न बघता म्हणाला, "आलात ना शेवटी? मानेवर श्वास सोडू नका. लेन्सवर वाफ धरते."

"अच्युतराव कोण?" मागून आवाज आला.

गवाच तो. बोलला. बोलणारच. गोष्टीतला गवा आहे, मुका कशाला असेल?

कुशाबा वळला. आणि त्याला काय दिसलं? नाक. परातीएवढं ओलं नाक. ह्या घटकेला शहाणा माणूस काय करेल? देवाचं नाव घेईल. नाहीतर आईचं. कुशाबानं कॅमेरा वर केला. दिसेना. एक काळी नाकपुडी दिसत होती, तीही अस्पष्ट. लांबचं जवळ दिसावं, बारीक मोठं दिसावं म्हणून त्यानं जन्मभर भिंगं जमवली. मोठं आणि जवळचं एकदम आलं, तर त्याच्याजवळ काही नव्हतं.

"जरा मागं होता का?" कुशाबा पुटपुटला.

"का?"

"मावत नाही तुम्ही."

"मी कुठंच मावत नाही," गवा म्हणाला. "म्हणून तर कळपानं काढून टाकलंय."

आता कुठं कुशाबाच्या डोक्यात शिरलं की आपण कुणाशी बोलतोय. तो पळायला म्हणून हातागुडघ्यांवर उठला. तो चार पायांवर तसाच थिजला.

गव्यानं त्याला हुंगलं. पाठ हुंगली, डहाळ्या हुंगल्या, मोजे हुंगले.

"वास शेणाचा," गवा म्हणाला. "रंग काळा. मोजे आमच्यासारखे. नाक गवतात. कुठल्या कळपातला रे तू?"

"नि... निसर्गछाया मंडळ."

"ऐकला नाही. मोठा आहे?"

"बरा आहे."

"म्होरक्या कोण?"

"अच्युतराव."

"कळपातलं पोर असं एकटं मोठ्या जनावरापुढं सापडलं तर म्होरक्यानं पुढं यायचं असतं. तुमचा कुठाय?"

कुशाबानं खडकाकडं बघितलं. "उंचावर आहे," तो म्हणाला.

गव्याला हे नीट कळलं नाही. त्यानं जिभेनं आपली नाकपुडी पुसली. मग तो जरा खाली वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, सरळ विचारतो. तू माणूस तर नाहीस ना? माणूस असलास तर सांगून टाक. मी आल्या वाटेनं निघून जाईन. माणसाच्या नादाला लागायचं नाही, असं माझी आई मला सांगून गेलीय. पण जनावर असलास, तर हा सडा माझा आहे. मग तुझं-माझं बघावं लागेल."

बघा पोरांनो, किती सोपं होतं! दोन शब्द, 'माणूस आहे'. म्हणायचं, उठायचं, दोन पायांवर उभं राहायचं. गवा गेला असता. कुशाबा दुपारी घरी जाऊन आमटी-भात जेवला असता. त्यानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात खडकावरून आवाज आला.

"कुशाबा! उठू नको! खाली राहा! चार पायांवर लांबून तू वासरू दिसतोस! देवाशपथ वासरू!"

"अहो, पण माझा जीव..." कुशाबा रडवेला होऊन ओरडला.

"तुझं नाव लावीन! दरबारात! फोटोखाली तुझं नाव!"

"काय ओरडतंय ते तिकडं?" गव्यानं विचारलं.

"वानर आहे," कुशाबा म्हणाला.

"वानर ओरडलं की आम्ही समजतो, जवळपास कुणाचा तरी जीव जाणार." गव्यानं शिंगं खाली केली. "बोल लवकर. माणूस आहेस?"

कुशाबाच्या डोळ्यांसमोर दुकान आलं. 'ओ, गूळ द्या' आलं. मग दरबार आला, सोन्याची चौकट आली आणि खाली आपलं नाव आलं, ठळक. त्याला घाम फुटला. मानेवरून धारा लागल्या.

"नाही," तो म्हणाला. "मी माणूस नाही."

"मग ऊठ आणि भीड. नाहीतर मान घाल आणि चर."

कुशाबानं मान घातली.

"नुसती मान नको. चर."

कुशाबा चरला. पहिल्या घासालाच त्याच्या तोंडात काहीतरी चिकट आलं. तो दवबिंदू होता. माशीसकट. ज्याच्यासाठी सकाळपासून पोट चोळत पडला होता, तो त्यानं चावून गिळला. कुणाला चिरडायला ठेवलाच नाही.

गव्याचा राग गेला. लहान जनावर नमलं की मोठं जनावर मारत नाही. ती रीत जनावरांत अजून आहे. वर कुशाबाच्या मानेवरचा घाम होता, खारट. रानात मीठ कुठलं मिळायला! गव्यानं जीभ बाहेर काढली आणि कुशाबाची मान चाटली. मग गाल चाटला. मग डोळे मिटून सगळं तोंड चाटलं. जीभ म्हणजे काथ्या होता नुसता. कुशाबाच्या अंगावरची सालटी गेली, पण तो हूं की चूं करेना.

खडकावर सगळ्या कॅमेऱ्यांचा कडकडाट उडाला.

"मीठ बरं आहे तुझ्यात," गवा जाताना म्हणाला. "येत जा."

गवा दिसेनासा झाल्यावर अच्युतराव धावत आले. कुशाबा गवतात पडून हुंदके देत होता. तोंड लालबुंद, नाकाचं साल गेलेलं.

"मिळाला!" अच्युतराव म्हणाले.

"अच्युतराव, मी मेलो असतो हो."

"छे! मेला असतास तर आडवा दिसला असतास. मग सगळंच बिघडलं असतं."

"माझं नाव?"

"हे बघ कुशाबा, नाव लावतो. शब्द म्हणजे शब्द. पण राजा विचारील, हा कुशाबा तेव्हा कुठं उभा होता? काय सांगू? उभाच नव्हता म्हणून सांगू? माणूस दिसला की फोटो बाद, आणि आपण दोघं तुरुंगात. तूच सांग, कसं करू?"

अच्युतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग हाताला शेण लागलं म्हणून त्याच्याच घोंगडीला पुसलं.

दसऱ्याला दरबार भरला. फोटो भिंतभर मोठा करून टांगला होता. खाली सोनेरी अक्षरांत 'माय-लेकरू' आणि त्याखाली 'अच्युतराव'. राजा फोटोसमोर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय ती माया!" राजा म्हणाला. "आणि वासराचे डोळे बघा. किती निष्पाप! माणसात हे मिळणार नाही."

सगळा दरबार रडला. तो गवा नर होता. स्वच्छ दिसत होतं. पण राजा माय म्हणाल्यावर तिथं बघायची कुणाची छाती आहे?

मागच्या बाजूला कुशाबा सरूबाईला घेऊन उभा होता. सरूबाईनं पदर खोचला, पुढं आली आणि डोळे बारीक करून फोटो बघू लागली.

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "हे तर आमचे हे!"

सगळ्या दरबारानं माना वळवल्या.

"कसलं वासरू घेऊन बसलात? ही घोंगडी माझ्या माहेरची. आणि हे ध्यान मी ओळखणार नाही होय? ताटावर बसतात ते अस्सेच. अहो, सांगा की! बोला की काहीतरी!"

अच्युतरावांचं तोंड चुन्यासारखं झालं. राजानं प्रधानाकडं बघितलं. प्रधान जुना मुरलेला होता. त्यानं एकच प्रश्न केला.

"महाराज, आत्ता आपण कुणासाठी रडलात?"

"वासरासाठी."

"हा माणूस असेल, तर महाराज एका किराणा दुकानदारासाठी रडले असं होईल. प्रजा काय म्हणेल?"

राजानं डोळे पुसले आणि मान ताठ केली. "ते वासरू आहे," तो म्हणाला.

तेव्हा कुशाबा पुढं झाला. बायकोनं सगळ्यांदेखत ओळखलं म्हणून म्हणा, नाहीतर फोटोखाली दुसऱ्याचं नाव बघून म्हणा, त्याला एकदाचं धैर्य आलं.

"महाराज, मी माणूस आहे," तो म्हणाला. "माझं नाव कुशाबा."

"फोटोत आहेस तो तूच?" प्रधानानं विचारलं.

"मीच."

"मग गव्यानं तुला विचारलं असेलच की, तू माणूस आहेस का म्हणून?"

"विचारलं होतं."

"काय सांगितलंस?"

कुशाबा काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"नाही म्हणालो."

"झालं तर!" प्रधान म्हणाला. "जीव जायची वेळ आली असता प्राणी खोटं बोलत नाही. महाराज, हे वासरू आहे. आईपासून तुटलंय, म्हणून भलतंच बरळतंय."

राजाचं मन फार हळवं. त्याला वासराची ही ताटातूट बघवेना. त्यानं हुकूम सोडला. वासराला सड्यावर नेऊन त्याच्या आईजवळ सोडा. सड्याभोवती पहारा ठेवा. आत माणसाला बंदी. आणि बैलगाडी सजवून, वाजतगाजत न्या.

"अहो, दुकान कोण बघेल?" सरूबाई शिपायांच्या अंगावर धावून गेली. "पोरीचं लग्न ठरतंय! बापाच्या जागी कोण उभं राहील?"

"बाई, रडू नका," शिपाई म्हणाला. "आमचंही मन भरून आलंय. पण शेवटी जंगली जनावर जंगलातच शोभतं."

मिरवणूक निघाली. पुढं पालखीत अच्युतराव, मागं गाडीत कुशाबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं लोटली होती. ज्या माणसाला गावात कुणी ओळखत नव्हतं, त्याच्यावर लोक फुलं टाकत होते. "वासरू आलं, वासरू आलं!" पोरं ओरडत होती. कुशाबा, असं कुणी म्हटलं नाही.

सरूबाई पुढं कितीदा तरी भाकरी बांधून सड्याच्या कडेपर्यंत गेली. पहारेकरी तिला अडवायचा. "आत माणसाला बंदी आहे, ताई." ती म्हणायची, "आत माझा नवराच आहे की!" पहारेकरी म्हणायचा, "मग तर बिलकूलच नाही. वासरू बुजेल." भाकरी पहारेकरीच खायचा.

कुशाबा गवत खाण्यावर आला. मोज्यांना भोकं पडली. एके दिवशी धुक्यातून गवा आला. त्याला बघून कुशाबाला इतका आनंद झाला की तो त्याच्या गळ्यात पडायला धावला. गव्यानं त्याची मान चाटली. मीठ कमी झालं होतं, पण गवा काही बोलला नाही. जवळ बसला. बऱ्याच दिवसांनी कुशाबाशी कुणीतरी नीट बोलत होतं.

"कळप आला नाही तुझा," गवा म्हणाला.

"नाही."

"माझाही नाही. असू दे. दोघं राहू."

कुशाबाला रडू आलं. इतक्या भल्या जिवाशी खोटं बोलायचं कसं, असं त्याला वाटलं. त्यानं मन घट्ट केलं.

"तुम्हाला एक खरं सांगतो," तो म्हणाला. "मी माणूस आहे."

गवा उठून उभा राहिला. दोन पावलं मागं झाला.

"मग तेव्हा का नाही म्हणालास?"

"फोटो चालला होता."

"म्हणजे काय?"

कुशाबानं डोळ्यासमोर मूठ धरून दाखवली. पण फोटो म्हणजे काय, आणि तो चालला असताना माणसानं माणूस का असू नये, हे त्याला गव्याला समजावून सांगता येईना. तुम्हाला येईल? मग गप बसा.

"आईनं सांगितलंय," गवा म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस." आणि तो धुक्यात निघून गेला. पुन्हा त्या सड्यावर आला नाही.

कुशाबा उठला. गवा गेला त्या दिशेनं बघत दोन पायांवर उभा राहिला. पाठ ताठ करायला त्रास झाला, पण केली.

समोरच्या खडकावर राजा आला होता. बरोबर अच्युतराव, प्रधान आणि सगळं मंडळ. नळ्या रोखलेल्या होत्या.

"ए! खाली!" खडकावरून हाक आली. "माणूस दिसतोय!"

कुशाबानं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग हात टेकले, गुडघे टेकले, आणि मान खाली घातली.

"वा!" राजा म्हणाला. "आज प्रकाश आहे."

तात्पर्य : जिवावर बेतलं तरी खरं बोलू नये. फोटो हलतो.